विटेचं माप

दिवाळी सरली, खळ्यावरचं भात कणगीत गेलं की भिवंडी, वाडा, वसई या तालुक्यांत वीटभट्ट्यांची हालचाल सुरू होते. कातकरी कुटुंबं उचल घेऊन पाड्यावरून निघतात ती पावसाच्या तोंडापर्यंत भट्टीवरच राहतात. राहायला ठेंगणी खोप. तिला भोंगा म्हणतात. पहाटेच्या अंधारात माती मळायची, तिच्यात तूस आणि राख कालवायची, ओल्या साच्यात गोळा दाबून वरून हात फिरवायचा आणि साचा अलगद उचलायचा. जमिनीवर एक ओली वीट उरते. मग दुसरी, मग शंभरावी. मोठी माणसं विटा पाडतात. आठ-दहा वर्षांची पोरं सुकत आलेल्या विटा उलटवतात, कडेला रचतात. वज्रेश्वरीच्या आसपास, तानसेच्या खोऱ्यात, हे पाहायला फार लांब जावं लागत नाही.

त्याच हिवाळ्यात शाळांची प्रदर्शनं भरतात. इतिहासाच्या टेबलावर हडप्पा संस्कृती असतेच. थर्माकोलचं महास्नानगृह, शेजारी कार्डशीटचा पिरॅमिड, मागे दुकानातून आणलेल्या चित्रांचा तक्ता आणि पुढे इस्त्रीच्या गणवेशात उभी असलेली, चार वाक्यं पाठ केलेली मुलगी. थर्माकोलवर स्केचपेननं विटांच्या रेघा ओढलेल्या असतात. खरी वीट केवढी होती, कशी पाडली, कशात भाजली, हे तिला कुणी विचारत नाही आणि विचारावं असं तिलाही वाटत नाही. ज्या पोराला यातलं अर्धं तरी हातानं ठाऊक आहे, त्याचं नाव त्याच शाळेच्या हजेरीपटावर असतं आणि ते स्वतः भट्टीवर असतं.

ही तफावत मला फार खुपते. गरिबीबद्दलची हळहळ हा त्याचा एक भाग आहेच. पण माझी तक्रार इतिहासाच्या शिक्षणाबद्दलचीही आहे. प्राचीन संस्कृतीवरचा प्रकल्प आपण देखावा म्हणून करून घेतो. देखावा नेटका होतो किंवा वेडावाकडा होतो. तो खोटा ठरू शकत नाही. जे खोटं ठरू शकत नाही त्यातून ‘हे आपल्याला कळलं कसं?’ हा प्रश्न उगवत नाही, आणि तो प्रश्न वगळला तर प्राचीन इतिहासात नावं आणि सनावळ्यांपलीकडे फारसं काही उरत नाही. आपल्या मुलांना खोटं ठरण्याचा अनुभव नसतो असंही नाही. दिवाळीत अंगणात केलेला मातीचा किल्ला बुरुजापाशी ढासळला की ती गोणपाट घालतात, दगडाचा आधार देतात, उतार बदलतात. तेवढा तपास ती शाळेबाहेर करतात. शाळेत आल्यावर त्यांच्या हाती थर्माकोल येतं.

मग वज्रेश्वरीच्या शाळेनं काय करावं? मी विटेपासून सुरुवात करीन. हडप्पा संस्कृतीतल्या घरांच्या विटा साधारण ७ सेंटिमीटर जाड, १४ सेंटिमीटर रुंद, २८ सेंटिमीटर लांब. तटाच्या विटा १०, २०, ४०. दोन्हींत प्रमाण एकच: एकास दोनास चार. हे वाक्य फळ्यावर लिहून पाठ करून घ्यायला दोन मिनिटं लागतात. मुलांना फूटपट्टी देऊन जवळच्या भिंतीची, भट्टीवरची, जुन्या वाड्याची वीट मोजायला सांगितली तर आठवडा लागतो. आपल्याकडची नेहमीची वीट साधारण नऊ इंच, चार इंच, तीन इंच. प्रमाण जुळत नाही. का जुळत नाही, हा पहिला प्रश्न. मग लाकडी साचा करून वर्गानंच वीस-पंचवीस विटा पाडाव्यात, चार हजार वर्षांपूर्वीच्या प्रमाणात. दोन विटा आडव्या ठेवल्या की त्यांची रुंदी एका उभ्या विटेच्या लांबीएवढी भरते, म्हणून सांधा मोडत भिंत वर जाते. हे पाठ्यपुस्तक सांगू शकतं. रचताना ते बोटांना कळतं.

आणि मग खरी अडचण येते. ओली वीट सुकताना आकसते, भाजताना आणखी आकसते. साचा २८ सेंटिमीटरचा घेतला तर हातात येणारी वीट २८ची नसते. मग साचा केवढा घ्यायचा? मातीत तूस जास्त घातलं तर किती फरक पडतो? तानसेच्या काठची माती आणि शेताच्या बांधावरची माती सारखीच आकसते का? आता वर्गाच्या वहीत आकड्यांचे तीन रकाने होतात: ओली, सुकलेली, भाजलेली. गणिताच्या बाईंना हे वर्गात वापरता येतं, विज्ञानाच्या गुरुजींनाही. आणि शेकडो किलोमीटर पसरलेल्या प्रदेशात, शतकानुशतकं, निरनिराळ्या नद्यांच्या मातीतून एकच प्रमाण ज्या माणसांनी टिकवलं त्यांच्याबद्दल मुलांच्या मनात जे उमटेल त्याला मी इतिहासाची जाण म्हणेन. त्या वेळी वर्गात सगळ्यांत जाणता कोण ठरेल हे वेगळं सांगायला नको. इतर वेळी मागच्या बाकावर बसणारं, दिवाळीनंतर गायब होणारं पोर साच्याला पाणी किती लावायचं ते इतरांना दाखवत असेल.

वीट नीट न वाचल्यानं केवढी चूक होते याचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. १९११-१२च्या सुमारास देवदत्त रामकृष्ण भांडारकर मोहेंजोदडोला गेले. रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव, पुरातत्त्व खात्यातले अधिकारी, शिलालेखांचे मोठे जाणकार. त्यांनी अवशेष पाहिले आणि अहवालात नोंदवलं की हे शहर फार तर दोनशे वर्षांपूर्वीचं असावं. स्थानिक लोक तसं सांगत होते आणि इथल्या विटाही त्यांना अलीकडच्या धाटणीच्या वाटल्या. दहाएक वर्षांनी राखालदास बॅनर्जी यांनी तिथे उत्खनन केलं आणि १९२४ साली जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगाला जाहीर केला. भांडारकरांसारख्या विद्वानाची चूक झाली ती विटा फार चांगल्या होत्या म्हणून. भाजलेली, एकसारखी, मापात बसणारी वीट इतकी जुनी असू शकेल हे त्या काळी मनातच येत नव्हतं. मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. विद्वानाला हसण्यासाठी नाही; पुरावा डोळ्यांसमोर असूनही मनातल्या समजुतीमुळे तो कसा दिसत नाही, हे कळण्यासाठी. याच संस्कृतीच्या विटांची दुसरी गोष्टही सांगावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लाहोर-मुलतान रेल्वेमार्ग बांधताना ठेकेदारांनी हडप्पाच्या विटा उचलल्या आणि सुमारे १०० मैलांच्या रुळांखाली त्या खडी म्हणून घातल्या.

ठेकेदारांना नावं ठेवण्याआधी आपल्या गावांकडे पाहावं. महाराष्ट्रात गावाच्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतीच्या जमिनीला काळी. शेकडो वर्षं चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून वस्तीची माती पांढुरकी होते. देशावर अशी पांढरीची टेकाडं जागोजागी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या पोटात ताम्रपाषाण युगातल्या वस्त्या होत्या. ती माती खत म्हणून उत्तम, त्यामुळे गाड्या भरभरून शेतात गेली. त्या शेतकऱ्यांना दोष तरी कसा देणार? शाळेत कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की खापराचा तुकडा हे इतिहासाचं पान असतं.

पुरातत्त्वज्ञ मात्र गावाकडून शिकत आले आहेत. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांच्यासारखी माणसं तिथे राबली. घरांच्या जमिनीत मातीचे गोल, लिंपलेले ओटे सापडले. ते कशासाठी, हे उमगलं ते आजही खेड्यांत धान्याची कणगी तशाच ओट्यावर ठेवतात म्हणून. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं घर वाचण्याची किल्ली जिवंत घराच्या कोपऱ्यात होती. वज्रेश्वरीच्या पाड्यांवर कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली भिंत आहे, कणगी आहे, जातं आहे. सहावीतल्या मुलीनं आपल्याच घराचा आराखडा काढावा: चूल कुठे, पाणी कुठे, धान्य कुठे, राख कुठे पडते. मग प्रश्न विचारावा: हे घर उद्या ओस पडलं तर हजार वर्षांनी यातलं काय उरेल? कारवी कुजेल. कणगी कुजेल. ओटा राहील, खापरं राहतील, चुलीखालची भाजलेली माती राहील. प्लास्टिकची बाटलीही राहील. मला वाटतं या एका प्रकल्पानं मुलं दहा तक्त्यांपेक्षा जास्त शिकतील.

इथे एक मोठा धोका आहे आणि तो मला गंभीर वाटतो. कातकऱ्यांची नोंद सरकारदप्तरी ‘आदिम जमात’ अशी आहे. ‘बघा, हे अजून प्राचीन माणसासारखे राहतात’ असं एखाद्या शिक्षकाच्या तोंडून निघालं तर सगळ्या प्रकल्पाची माती होईल. कातकरी पोर प्राचीन नाही. ते आजचं आहे, त्याच्या खिशात मोबाइल असतो, त्याच्या आईबापाच्या डोक्यावर आजचंच कर्ज आहे. त्याच्या हातात आहे ते कसब. कसबाला वय नसतं. कुंभाराचं चाक जुनं आहे म्हणून कुंभार जुना ठरत नाही. शिक्षकाला हा फरक आधी स्वतःच्या मनात स्वच्छ करावा लागेल, नाहीतर विटेच्या तासापेक्षा थर्माकोल परवडलं.

काही जण विचारतील, मग गरिबाच्या पोरानं आपल्या पाड्यापुरतंच शिकायचं का? पिरॅमिड काय फक्त शहरातल्या मुलांसाठी? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की पिरॅमिडला जाण्याचा रस्ताही भट्टीवरूनच जातो. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे खुफू राजाच्या काळातले पपायरस सापडले. लिहिलेले इतके जुने पपायरस तोवर कुणी पाहिले नव्हते. त्यांत मेरर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. तुराच्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरायचे, नाईल नदीतून गिझाला पोचवायचे, परत यायचं: कोणत्या दिवशी टोळी कुठे होती याची नोंद. ज्या घरात मुकादमाच्या वहीत उचल आणि आठवड्याची खर्ची मांडलेली असते, तिथल्या मुलाला मेररची वही समजायला वेळ लागणार नाही. त्याच मिसरात, तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीत, इ. स. पू. बाराव्या शतकात, राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या कारागिरांना धान्य वेळेवर मिळालं नाही म्हणून ते काम टाकून बसले. जगातला नोंद असलेला हा पहिला संप मानतात. वज्रेश्वरीच्या शेजारच्या उसगावातून श्रमजीवी संघटनेनं वेठबिगारीविरुद्ध लढा उभा केला. त्या परिसरातल्या मुलांना तो संप परका वाटायचं कारण नाही. पिरॅमिडचा त्रिकोण कापून चिकटवण्यापेक्षा ‘हा कुणी बांधला, त्यांना काय मिळालं?’ हा प्रश्न किती मोठा आहे!

लिपीचंही तसंच. ‘सिंधू लिपीत आपलं नाव लिहा’ असा उपक्रम मी अनेकदा पाहिला आहे. ती लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, तेव्हा तिच्यात नाव लिहिणं म्हणजे मुलांच्या हातून असत्य लिहून घेणं. आणि वाचता येणारी प्राचीन लिपी तर आपल्या खाडीच्या तोंडाशी आहे. तानसा वज्रेश्वरीवरून पश्चिमेला जाऊन वैतरणेला मिळते, वैतरणा समुद्राला. त्या मुखाच्या दक्षिणेला सोपारा, जुनं शूर्पारक. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा आणि कल्याण ही दोन्ही बंदरं नोंदलेली आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा. लिपी ब्राह्मी, जी जेम्स प्रिन्सेपनं १८३७ साली वाचून दाखवली. ब्राह्मीतला ‘ठ’ म्हणजे एक पूर्ण वर्तुळ, ‘ट’ म्हणजे अर्धं उघडं वर्तुळ. देवनागरीतला आपला ‘ठ’ अजून ते वर्तुळ पोटात बाळगून आहे. पहिलीत गिरवलेलं अक्षर बावीसशे वर्षं चालत आपल्या पाटीपर्यंत आलं, हे मुलांना दाखवायला फक्त खडू लागतो.

सोपाऱ्याच्या स्तूपाकडे मी पुनःपुन्हा वळतो, कारण वर्गात मांडावं असं त्याहून सुंदर कोडं मला माहीत नाही. लोक त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. भगवानलालांनी ते उकललं तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला, मध्ये दगडी पेटी, पेटीत करंडकाच्या आत करंडक: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. भोवती बुद्धांच्या आणि मैत्रेयाच्या मिळून आठ कांस्यमूर्ती. सोन्याच्या करंडकात सोन्याची फुलं आणि त्यांच्यासोबत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. भगवानलालांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले. पेटीत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं. नाणं दुसऱ्या शतकाच्या आसपासचं आणि मूर्ती आठव्या-नवव्या शतकातल्या. मग पेटी कधी पुरली? एकदाच पुरली, की कुणी ती मधेच उघडून पुन्हा भरली? सहावीतलं मूल यावर वाद घालू शकतं, नक्की घालू शकतं. आणि पाच भांड्यांच्या आत, सोन्यात, खापर का जपलं असेल यावर ते जे बोलेल ते ऐकायला मी कितीही लांब जाईन.

खऱ्या जागेवर मुलांनी कुदळ लावायची नाही, हे पहिल्या दिवशी सांगावं. खणायचंच असेल तर उकिरडा आहे. वर्षाच्या सुरुवातीला शाळेच्या आवारात खड्डा करून दर आठवड्याला वर्गाचा कचरा त्यात टाकावा आणि पुढच्या वर्गानं तो दोऱ्या बांधून, थराथरानं उकलावा. खालचं आधीचं, वरचं नंतरचं, हा पुरातत्त्वाचा पाया तेवढ्यात कळतो. उंदरानं बीळ केलं असेल तर थर कसे मिसळतात तेही कळतं.

वेळेची अडचण खरी आहे, पण ती आपणच वाढवली आहे. आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाला जागा आहे. प्रत्येक धड्याला एक याप्रमाणे वर्षात डझनभर देखावे मागण्याऐवजी वर्षाला एकच तपास मागितला तर तास पुरतात.

आता देवीबद्दल. वज्रेश्वरीत इतिहास शिकवायचा आणि देवळाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत हे होणार नाही. आपलं सगळं पाच हजार वर्षं जुनं म्हणण्याची ओढ इथेच सर्वांत जास्त. वर्गाच्या वहीत दोन रकाने आखावेत: ‘ऐकलं’ आणि ‘पाहिलं’. इंद्राच्या वज्रातून देवी प्रकटली, ऐकलं. गरम कुंडांचं पाणी दैत्यांच्या रक्ताचं, ऐकलं. देवीचं मूळ ठाणं गुंजला होतं, ऐकलं. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस केला आणि १७३९ साली किल्ला हाती आल्यावर देऊळ उभं राहिलं. हे आजीनंही सांगितलेलं असतं, पण वसईचा वेढा कागदपत्रांत आहे आणि देवळाची किल्ल्यासारखी तटबंदी डोळ्यांसमोर. कुंडाच्या पाण्यात थर्मामीटर बुडवला की तोही आकडा ‘पाहिलं’मध्ये जातो. ‘ऐकलं’चा रकाना पुसायचा नाही. तो आजीचा आहे आणि माणसं काय जपून ठेवतात याचा तोही पुरावा आहे. फक्त एका रकान्यातलं दुसऱ्यात सरकवायचं नाही. एवढी शिस्त ज्या मुलांना लागेल त्यांना पुढे कुणी सहज फसवू शकणार नाही. याच तालुक्यात लोणाडला लेणं आहे, जवळच चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१चा, म्हणजे १२३९-४०चा शिलालेख आहे. एका सहलीत मुलांना दोन्ही पाहता येतील.

राहिलं ते भट्टीवरचं पोर. त्याच्यावाचून हा सगळा खटाटोप अपुरा आहे, आणि त्याला शाळेत आणायचं तर इतिहासाचा शिक्षक एकटा पुरणार नाही. पण याच जुन्या ठाणे जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ गुरं राखणाऱ्या वारली मुलांमागे शाळा घेऊन गेल्या. ती कुरणशाळा. पुढे, १९९०च्या दशकात, विधायक संसद या संस्थेनं वीटभट्ट्यांवर शाळा नेली. तिचं नाव भोंगाशाळा. तेव्हा वर्गच एक दिवस भट्टीवर गेला तर त्यात नवल काही नाही. जाताना एक चित्र सोबत न्यावं. सिंधमधल्या चन्हुदडोला १९३५-३६ साली अर्नेस्ट मॅके यांना एक वीट सापडली. ती ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळालं होतं आणि मागून कुत्रा; दोघांची पावलं विटेत भाजली जाऊन राहिली. ते चित्र भट्टीवरच्या पोरासमोर धरावं आणि विचारावं, वीट पाडल्यावर किती वेळानं हा कुत्रा धावला असेल? पाऊल इतकंच रुतलं म्हणजे ऊन किती वर आलं होतं? शहाण्यासुरत्या विद्वानांना ज्यासाठी अटकळ बांधावी लागली, ते हे पोर साचा बाजूला ठेवून, चित्रावर ओलं बोट टेकवून सांगेल.